गाव बदललं, नाव जुन्याच वहीत: मंडळीतली सभासदत्वाची बदली नेमकी कशी करतात?

नोंदवही

जय ख्रिस्त.

नगर, श्रीरामपूर, जालना, मिरज, कोल्हापूर या भागांतली ख्रिस्ती कुटुंबं नोकरीसाठी पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबईला येतात आणि जवळच्या देवळात जाऊ लागतात. पाच-सात वर्षं जातात. मुलं शब्बाथ शाळेत (देवळातल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) रमतात, दानाच्या ताटात पाकीट पडतं, बाकावरची जागाही ठरून जाते. पण सभासदत्व अजून गावच्याच मंडळीत (तिथल्या देवळाच्या सभासदांच्या समूहात) असतं. हे लक्षात येतं ते तीन प्रसंगी: लेकराचा बाप्तिस्मा, घरातलं लग्न आणि मयत. पाळकसाहेब विचारतात, "तुमचं बदलीचं पत्र आणलंय का?" मग धावपळ सुरू होते.

माझं मत असं की उपासनेला बसणं वेगळं आणि मंडळीचं असणं वेगळं. मंडळीच्या सभासदांच्या वहीत नाव चढलं की तुमची जबाबदारी मंडळीवर येते आणि मंडळीची तुमच्यावर. दवाखान्यात प्रार्थनेला कोण येणार, घरभेटीच्या यादीत कोण असणार, हे त्या वहीवरूनच ठरतं.

प्रत्येक चर्चची पद्धत वेगळी आहे. ज्यांना आपल्या चर्चची माहिती आहे त्यांनी पायऱ्या, कागद, लागणारा वेळ आणि काम कुठं अडतं ते लिहावं. मूळ गावच्या मंडळीत आता कायमचे पाळकच नाहीत, त्यांनी काय करायचं हेही हवं आहे.

पेटीमास्तर

सीएनआयपुरतं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) लिहितो.

१. जुन्या मंडळीच्या पाळकांना लेखी अर्ज द्यायचा. तोंडी सांगून किंवा व्हॉट्सॲपवर निरोप पाठवून पत्र निघत नाही. अर्जात घरातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, बाप्तिस्म्याची तारीख आणि ठिकाण, दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर मोठेपणी विश्वास कबूल करण्याच्या विधीची) तारीख, लग्नाची तारीख आणि नव्या मंडळीचं नाव हवं.

२. पाळक वही पाहून पत्र देतात. पत्र नव्या पास्टरेटच्या (एका पाळकाकडच्या मंडळीच्या) प्रेसबिटर इन चार्जच्या, म्हणजे प्रमुख पाळकांच्या, नावे असावं. "ज्यांच्याशी संबंधित असेल त्यांस" असं मोघम पत्र आणलं तर बऱ्याचदा पुन्हा फेरी पडते.

३. नवे पाळक ते पास्टरेट कमिटीपुढे ठेवतात. कमिटी बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा बसते, त्यामुळे चार ते आठ आठवडे धरून चाला. मंजुरी मिळाली की रविवारी नाव वाचतात आणि कुटुंबाला पुढे बोलावून प्रार्थना करतात. त्या दिवशी घरातले सगळे हजर राहा. मंडळीला तुमचे चेहरे तेव्हाच कळतात.

सगळ्यात जास्त अडतं ते दृढीकरणाच्या तारखेपाशी. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन झाली. त्यामुळे जुन्या वह्या एका साच्याच्या नाहीत. मूळ अँग्लिकन देवळांत बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि दफन यांच्या स्वतंत्र वह्या असतात आणि दृढीकरणापुढे बिशपांचं नाव असतं. अमेरिकन मराठी मिशनच्या किंवा प्रेसबिटेरियन परंपरेच्या मंडळ्यांत बिशप नव्हते. तिथं शिक्षण झालं की मंडळीच प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) घ्यायची. म्हणून १९७० आधीच्या नोंदीत "दृढीकरण" हा शब्द सापडत नाही, "सहभागितेत घेतले" किंवा नुसतं "सभासद" असं काहीतरी असतं. एकीकरणाच्या वेळी ते सगळे पूर्ण सभासद मानले गेले आहेत. शहरातल्या तरुण पाळकांना हे कधी कधी समजावून सांगावं लागतं. आजी-आजोबांच्या बाबतीत नोंदीच्या पानाचा फोटोच सोबत जोडा.

दुसरी चूक कुटुंबप्रमुखाची. पत्रावर "श्री. अमुक व कुटुंब" असं लिहून आणतात. दृढीकरण झालेल्या प्रत्येकाचं नाव वेगळं लिहून घ्या. नाहीतर पुढे वार्षिक सभेच्या मतदारयादीत घरातल्या बायकांची आणि मोठ्या मुलांची नावं गळतात.

कुपारी_वारा

आमच्याकडे, म्हणजे कॅथलिकांत, बदलीचं पत्र असा प्रकारच नाही. धर्मग्राम (पॅरिश, एका देवळाचा भाग) हा हद्दीवर चालतो. कॅनन कायद्याच्या (कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याच्या) ५१८व्या कलमाप्रमाणे त्या हद्दीत राहणारे सगळे श्रद्धावंत त्या धर्मग्रामाचे. १०२वं कलम सांगतं की कायम राहायच्या इराद्याने आलात तर लगेच, नाहीतर पाच वर्षं पूर्ण झाली की तिथं तुमचं कायमचं ठिकाण होतं. तीन महिने राहिलात तर तात्पुरतं. म्हणजे घराची चावी घेतली की तुम्ही त्या धर्मग्रामाचे झालात, प्रमुख धर्मगुरूंना ते अजून माहीत नाही इतकंच.

ते माहीत करून देणं मात्र तुमचं काम. धर्मग्राम कार्यालयात कौटुंबिक नोंदणीचा अर्ज मिळतो. त्याला बाप्तिस्म्याचे दाखले, विवाहाचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा जोडतात. लगेच आपल्या भागातल्या लहान ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखालाही भेटा. मोठ्या धर्मग्रामात धर्मगुरूंना तुमचं घर कळतं ते त्यांच्याकडून.

आता महत्त्वाचं. तुमच्या बाप्तिस्म्याची नोंद जिथं बाप्तिस्मा झाला तिथंच आयुष्यभर राहते. दृढीकरण, विवाह, धर्मगुरुपदाची दीक्षा, सगळ्याचे शेरे त्याच नोंदीशेजारी चढतात (५३५वं कलम). वसईत बाप्तिस्मा, ठाण्यात दृढीकरण आणि नाशकात लग्न झालं तरी मूळ पान वसईचंच. म्हणूनच लग्नाच्या वेळी घरातला जुना दाखला चालत नाही. सहा महिन्यांच्या आत काढलेला नवा दाखला मागतात, कारण समासातला विवाहाचा रकाना कोरा आहे की नाही ते त्यावरच दिसतं.

बिघडतं कुठं? लग्न लावणाऱ्या धर्मग्रामाने मूळ धर्मग्रामाला कळवायचं असतं. पोस्टात पत्र हरवलं की समास कोराच राहतो. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी मूळ देवळात फोन करून शेरा चढला का ते विचारा.

तुळसवृंदावन

वाचनखूण साठवली. लग्नाच्या कागदांबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा. मुलगी मेथॉडिस्ट आणि मुलगा कॅथलिक असेल तर काय?

अंगणातली_चिंच

एवढे कागद वाचून जीव दडपला. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय काढून बघा. लोक घरोघर भाकर मोडत होते, एकमेकांची गरज भागवत होते. तिथं वही कुठं होती? मंडळी म्हणजे देह. देहाचा अवयव असल्याचा दाखला कोण मागतं? वीस वर्षं सभासद असून शेजारच्या बाकावरच्या विधवेचं नाव माहीत नसलेले आहेतच की. मला वाटतं आपण वहीला फार महत्त्व देतोय.

नोंदवही

चिंच, विधवेबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण त्याच अध्यायात त्या दिवशी सुमारे तीन हजारांची भर पडली असंही आहे. कुणीतरी मोजलं होतं. सहाव्या अध्यायात तक्रार आहे ती विधवांची रोजच्या वाटपात हेळसांड होते याचीच, आणि त्यावर उपाय म्हणून सात जण नेमले. वाटप नीट करायचं तर कोण आहे, कुणाला मिळालं नाही, हे ठेवावंच लागतं.

जुनी_घंटा

आणि रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायाची सुरुवात बघा. किंख्रियाच्या मंडळीतली फिबी रोमला निघाली आहे; तिला प्रभूमध्ये स्वीकारा आणि लागेल ती मदत करा, असं पौल लिहितो. बदलीचं पत्र म्हणजे तेच. पाळकांकडून पत्र घेताना नुसता छापील नमुना न घेता ही व्यक्ती मंडळीत काय सेवा करत होती याच्या दोन ओळी लिहून मागा. शब्बाथ शाळा, ढोलकी, स्त्री समाजाचा हिशोब, जे असेल ते. नव्या ठिकाणी ओळख तिथूनच सुरू होते.

अंगणातली_चिंच

फिबीचा मुद्दा पटला. असं पत्र मलाही आवडेल.

लाल_दोरी

तुळसवृंदावन, लग्नाचं लिहिते.

आपल्या लग्नांना १८७२चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागतो. दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी तोच. परवानाधारक पाळकाकडे लग्न असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते: दोघांची नावं, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण, तिथं किती दिवस राहतात आणि लग्न कुठं लागणार. ती देवळात लावतात. हरकत आली नाही की पाळक नोटिशीचं प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्रापासून दोन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ते बाद, पुन्हा पहिल्यापासून. हॉल डिसेंबरचा आणि नोटीस सप्टेंबरची, हा घोळ याच कलमामुळे होतो. वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७. पाळकाशिवाय दोन साक्षीदार हवेत. साडेसहाचा मुहूर्त छापून वरात सात वाजता दारात आली तर पाळकांची पंचाईत होते. पत्रिकेवर ४ किंवा ४.३० घाला.

याशिवाय मंडळीचा स्वतःचा नियम म्हणून तीन रविवार बॅन्स (लग्नाची जाहीर सूचना) वाचतात, वर आणि वधू दोघांच्या मंडळीत. खरी गरज सभासदत्वाची पडते ती इथं. मुलाचं नाव गावच्या वहीत, राहणं वाकडला आणि लग्न मुलीच्या गावी असेल तर बॅन्स कुठं वाचायचे? व्यवहारात गावच्या मंडळीत वाचून "हरकत नाही" असं पत्र आणावं लागतं. तीन रविवार म्हणजे किमान १५ दिवस, शिवाय टपाल आणि पाळकांचे दौरे. तीन महिने आधी कामाला लागा.

मुलगा कॅथलिक असेल तर त्याच्या धर्मगुरूंकडून मिश्र विवाहाची परवानगी लागते, ती बिशप देतात. कॅथलिक पक्षाला आपली श्रद्धा टिकवण्याचं आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व वळण देण्यासाठी होईल तेवढं करण्याचं वचन द्यावं लागतं. हे वचन तो देतो, मुलगी देत नाही. पण तिला त्याची पूर्ण कल्पना द्यायची असते. बैठकीत हे कुणी उघड बोलत नाही आणि पहिल्या मुलाच्या वेळी घरात वाद होतो. सुपारी फोडण्याआधी बोला. मुलीला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. तिच्या मेथॉडिस्ट पाळकांकडून बाप्तिस्म्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला आणा. विवाहपूर्व शिबिर दोघांनाही करावं लागतं. त्याच्या तारखा लवकर भरतात, म्हणून साखरपुडा झाला की लगेच नाव द्या.

मुक्तिध्वज

मुक्तिफौजेकडून (साल्वेशन आर्मी) थोडी भर, कारण नगर भागात आमची संख्या बरी आहे. आमच्यात बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी नाहीत. वर्ग पूर्ण करून करारावर सही करतात आणि ध्वजाखाली सैनिक म्हणून नाव चढतं. बदलीच्या वेळी कोअरचे (स्थानिक शाखेचे) अधिकारी दुसऱ्या कोअरच्या अधिकाऱ्यांना कागद पाठवतात.

अडचण येते ती आमचा मुलगा सीएनआय किंवा मेथॉडिस्ट घरात लग्न करतो तेव्हा. तिकडचा अर्ज "बाप्तिस्म्याची तारीख" मागतो आणि आमच्याकडे ती नसते. तिथं लहानपणीच्या समर्पणाची तारीख लिहू नका. समर्पण म्हणजे बाप्तिस्मा नव्हे, आणि पुढे दोन वह्यांत दोन गोष्टी होतात. रकाना कोरा सोडून सैनिक झाल्याचा दाखला जोडा आणि पाळकांशी आधीच बोला. काही ठिकाणी लग्नाला तेवढं पुरतं, काही ठिकाणी सभासद व्हायचं तर बाप्तिस्मा घ्या म्हणतात. दोन्ही समजून घेण्यासारखं आहे.

शनिवार_सकाळ

शनिवारी उपासना करणाऱ्या आम्हा ॲडव्हेंटिस्टांचं: पत्र सभासदाने हातात न्यायचं नसतं. नवीन चर्चचे क्लार्क जुन्या चर्चच्या क्लार्कांकडे मागतात, जुनं चर्च मतास टाकून पत्र देतं आणि ते सहा महिने चालतं. नवीन चर्चने मताने घेईपर्यंत नाव जुन्याच चर्चमध्ये. मधल्या काळात माणूस बिनमंडळीचा राहू नये म्हणून ही पद्धत. मला तरी ती फार योग्य वाटते.

नोंदवही

शनिवार_सकाळ, हे इतरांनीही घेण्यासारखं आहे. आपल्याकडे जुन्या पाळकांनी नाव कमी केलं, पत्र पिशवीत राहिलं आणि दोन्ही वह्यांत नाव नाही, असं सर्रास होतं.

काळी_पाटी

मी एक अप्रिय विषय काढतो. वर्गणी. गावच्या मंडळीकडे पत्र मागितलं की आधी मागची थकबाकी काढतात. आठ वर्षांची वर्गणी भरा, मग पत्र. आणि मयताच्या वेळी तर अजून वाईट. हे ख्रिस्ती वागणं आहे का?

पेटीमास्तर

पत्रासाठी अडवू नये हे माझंही मत. पण दुसरी बाजूही पाहा. लहान मंडळीत लाइट बिल, देवळाची डागडुजी, पाळकांच्या पगारातला वाटा, दफनभूमीचं कुंपण, सगळं त्या वर्गणीवर चालतं. साठ कुटुंबांतली चाळीस शहरात गेली आणि नाव मात्र गावीच ठेवलं, तर उरलेल्या वीस घरांवर साठांचा भार पडतो, कारण डायसिसला (बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या मंडळ्यांच्या संस्थेला) द्यायचा वाटा काही ठिकाणी सभासदसंख्येवर ठरतो. म्हणून गाव सोडल्यावर वर्षभरात बदली करा. नाव ठेवायचंच असेल तर वर्षाची वर्गणी नाताळाआधी पाठवा आणि क्रमांकासह पावती घ्या. खजिनदारांच्या खासगी खात्यावर न टाकता मंडळीच्या खात्यावर टाका.

कुपारी_वारा

मयतापुरतं कॅथलिक कायद्यात स्पष्ट आहे. ११८०वं कलम: धर्मग्रामाची दफनभूमी असेल आणि दुसरी निवडलेली नसेल तर तिथल्या श्रद्धावंताला तिथंच पुरायचं. ११८१वं: गरिबाला पैशापायी योग्य अंत्यविधी नाकारला जाऊ नये.

काळी_पाटी

पेटीमास्तर, वीस घरांचा हिशोब डोक्यात आला नव्हता. तरीही मयत दारात असताना पावतीपुस्तक काढू नये. ती गोष्ट नंतर बसून करता येते.

पेटीमास्तर

त्याला पूर्ण अनुमोदन.

सावली

मयताचा विषय निघालाच आहे तर क्रम लिहून ठेवते. त्या वेळी कुणाचं डोकं चालत नाही, हे घराच्या दारामागे चिकटवून ठेवा.

घरी मृत्यू झाला तर आधी नेहमीच्या डॉक्टरांना बोलवा. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र (घरी असेल तर ४अ, दवाखान्यात असेल तर ४ नंबरचा फॉर्म) हाती आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. आजारपणात एकही डॉक्टर ठरलेला नसेल तर रात्री दोन वाजता सही करायला कुणी येत नाही, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला महिन्यातून एकदा तरी जवळच्या डॉक्टरांना दाखवत राहा. अपघात असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन आलंच.

दुसरा फोन पाळकांना किंवा धर्मगुरूंना, नातेवाइकांच्या आधी. वेळ त्यांच्याशी ठरवून मगच सगळ्यांना कळवा. नाहीतर पन्नास जणांना दुपारी तीनची वेळ सांगितलेली असते आणि तेव्हा देवळात दुसरं लग्न असतं.

तिसरा फोन दफनभूमीच्या माणसाला. कबर खोदायला उन्हाळ्यात मुरमाच्या जमिनीत चार-पाच तास सहज लागतात, खडक लागला तर त्याहून जास्त. पावसाळ्यात उलट: लवकर खोदली तर पाणी भरतं आणि कडा ढासळतात. तेव्हा विधीच्या दोन-तीन तास आधी पूर्ण होईल असं बघा आणि वर ताडपत्री टाका. पेटीचं माप देताना उंचीच्या जोडीला खांद्याची रुंदीही सांगा. कबर पेटीपेक्षा दोन्ही बाजूंनी किमान वीतभर मोठी हवी, दोर सोडायला हात फिरला पाहिजे.

महापालिकेचा दफनाचा पास आणि मृत्यूची नोंद विसरू नका. नोंद २१ दिवसांत, आणि जिथं मृत्यू झाला त्या ठिकाणच्या कार्यालयात. पुण्यात वारले आणि गावी पुरले तरी दाखला पुण्याचा निघतो. हे माहीत नसल्याने लोक ग्रामपंचायतीत खेटे घालतात.

मंडळीच्या दफन वहीत सही केल्याशिवाय दफनभूमीतून निघू नका. कबरीचा क्रमांक लिहून घ्या. शहरांत जागा कमी असल्याने काही वर्षांनी कबर पुन्हा वापरतात, आणि क्रमांक नसेल तर पुढच्या पिढीला काहीच सापडत नाही.

तुळसवृंदावन

सावलीताई, हे छापून घेतलं. कॅथलिकांना दहन चालतं का?

कुपारी_वारा

१९६३ पासून चालतं. दफनाला प्राधान्य आहेच. अस्थी पवित्र जागी ठेवायच्या, म्हणजे दफनभूमी किंवा देवळाचा कोनाडा. नदीत सोडायच्या नाहीत. २०१६ मध्ये रोमने हे पुन्हा स्पष्ट केलं.

मोकळं_मैदान

स्वतंत्र फेलोशिपबद्दल (कुठल्याही मोठ्या चर्चशी न जोडलेल्या मंडळ्यांबद्दल) कुणी लिहीत नाही. शहरात आलेली बरीच तरुण मंडळी तिथंच जातात. उपासना जिवंत, गाणी छान, लोक आपुलकीने चौकशी करतात. वही मात्र नसते. प्रौढ बाप्तिस्मा पाण्यात बुडवून देतात, आणि ज्यांचा लहानपणी झाला त्यांनाही पुन्हा घ्यायला सांगतात.

व्यवहाराचे तीन प्रश्न आधीच विचारून घ्या, रागावत नाहीत. पाळकांना लग्न लावायचा परवाना आहे का? नसेल तर लग्न रजिस्ट्रारकडे किंवा दुसऱ्या पाळकांकडे. दफनभूमी कुठली? बहुतेकांकडे स्वतःची नाही. हिशोब कोण तपासतं, न्यास नोंदलेला आहे का? नोंदलेला न्यास असेल तर विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलेला आहे का, हेही विचारता येतं.

दुसरा बाप्तिस्मा घ्यावा का, हा श्रद्धेचा विषय आहे, त्यात मी पडत नाही. फक्त एवढं की तो घेतल्यावर मूळ मंडळीला कळवा. सीएनआय किंवा कॅथलिक चर्च एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाही, त्यामुळे पुढे परत यायची वेळ आली तर बोलणं अवघड होतं.

पेटीमास्तर

वही झाली, कागद झाले. पण नव्या मंडळीत माणूस रुजतो तो कामाने. गेल्या गेल्या एखादं पडद्यामागचं काम मागून घ्या. कमिटीत जागा मागू नका. प्रभुभोजनाची तयारी हे काम मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, आणि त्यात चार जुन्या बायकांची शिकवणी फुकट मिळते.

सावली

अगदी बरोबर. प्रमाण देते, कारण पहिल्यांदा हमखास चुकतं. प्रभुभोजनाच्या छोट्या प्याल्यात साधारण १० मिली द्राक्षरस बसतो. १५० माणसांना दीड लिटर, सांडलवंड आणि आयत्या वेळचे पाहुणे धरून पावणेदोन. अर्धा किलो काळ्या मनुका कोमट पाण्यात धुवून दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, त्याच पाण्यात १५-२० मिनिटं उकळायच्या, कोमट झाल्यावर कुस्करून दोनदा मलमलीतून गाळायच्या. साधारण सव्वा लिटर निघतं, म्हणजे १५० जणांना पाऊण किलो घ्या. भांडं स्टीलचंच. पितळेच्या पातेल्यात आंबटपणाने कळकतं. शनिवारी संध्याकाळी करून फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलं तर सकाळी फसफसतं आणि झाकण उडतं.

भाकरीसाठी ब्रेड असेल तर आदल्या दिवशीचा घ्या, ताज्याचा चुरा होतो. कडा काढून एका स्लाइसचे २५ तुकडे, म्हणजे सात-आठ स्लाइस. कापून झालं की ओलसर कापड झाका, पंख्याखाली वीस मिनिटांत कडक होतात. प्याले ताटात भरताना काठापर्यंत भरू नका, वयस्कर माणसांचे हात थरथरतात.

जुनी_घंटा

आणि ज्यांना तोंडाने गाता येतं त्यांनी शनिवारी पाळकांना विचारून दुसऱ्या दिवशीचे "उपासना संगीत"मधले गीत क्रमांक घ्यावेत. गाणं तेच असलं तरी नगरची चाल आणि मुंबईची चाल वेगळी निघते. विशेषतः नारायण वामन टिळकांच्या भजनांना गावागावाची लय आहे. नवीन माणसाने पहिल्या रविवारी मोठ्याने आपली चाल लावू नये. पण महिनाभराने तरुण संघाला शिकवावी जरूर, त्या चाली नाहीतर जातील.

अंगणातली_चिंच

हे मात्र माझ्या मनातलं. नाताळाच्या कॅरल फेरीत आपलं घर घालून घ्यायलाही विसरू नका. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत पत्ता द्या, गेटवर नावं देऊन ठेवा, आणि सोसायटीत ढोलकी वाजणार हे शेजाऱ्यांना आधी सांगा.

दूरदेशी

एक छोटा प्रश्न. परदेशातून गावच्या देवळाच्या दुरुस्तीला पैसे पाठवायचे असतील तर?

मोकळं_मैदान

पासपोर्ट कुठला यावर आहे. भारतीय नागरिक असाल तर आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेलं दान परदेशी देणगीत धरत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयाचं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते. मग मंडळीच्या न्यासाकडे एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतलं त्यासाठीचं खातं लागतं. ते नसताना पाठवू नका, गोत्यात मंडळी येते. भारतीय नागरिक असलात तरी पासपोर्टची प्रत आणि दोन ओळींचं पत्र खजिनदारांना द्या.

तुळसवृंदावन

नावांचं काय? बाप्तिस्म्याच्या वहीत एक, आधारवर दुसरं.

लाल_दोरी

वहीत खाडाखोड होत नाही. शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र दिलं की पाळक समासात तारखेसह शेरा लिहितात, आणि नव्या दाखल्यावर दोन्ही नावं येतात. आपल्याकडे साळवे, गायकवाड, जाधव ही आडनावं एकाच मंडळीत वीस-वीस घरांची असतात. म्हणून अर्जात वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं नाव दोन्ही लिहा, वही शोधणं सोपं होतं. आणखी एक: १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा जन्मदाखलाच. बाप्तिस्म्याचा दाखला त्या कामाला चालणार नाही.

नोंदवही

सगळ्यांचे आभार. एकच गोष्ट राहिली, माझ्या पहिल्या प्रश्नातली: मूळ मंडळीत पाळक नाहीत, वही सापडत नाही.

जुनी_घंटा

पाळक नसले तरी मंडळी कुणाच्या तरी देखरेखीखाली असते. शेजारच्या पास्टरेटचे प्रेसबिटर बघतात. कोण बघतं ते डायसिसच्या कार्यालयात एका फोनवर कळतं. वही बऱ्याचदा हरवलेली नसते. आधीच्या खजिनदारांच्या किंवा मंडळीतल्या एखाद्या ज्येष्ठाच्या घरी कपाटात असते. सणाला गावी जाल तेव्हा विचारा, एखाद-दोन दिवसांत तपास लागतो. सापडली की पानन् पान फोटो काढून नव्या पाळकांना आणि डायसिसला द्या. वाळवी आणि ओल यांच्यापासून वाचवायची हीच वेळ आहे.

खरंच नसेल तर साक्षीवर काम होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी हजर असलेले दोन सभासद, देवमातापिता असतील तर ते, त्या दिवसाचा फोटो, भावंडांचे दाखले, निवृत्त पाळकांचं पत्र, हे सगळं जोडून अर्ज करा.

कुपारी_वारा

कॅथलिकांत ८७६व्या कलमाप्रमाणे एक विश्वसनीय साक्षीदार पुरतो. बाप्तिस्मा मोठेपणी झाला असेल तर त्या व्यक्तीची शपथही चालते. चौकशी करूनही झाला की नाही याची खरी शंका उरली, तरच अटीसह बाप्तिस्मा देतात.

काळी_पाटी

शेवटचं विचारतो. म्हातारे आईवडील मुलाकडे शहरात राहतात, पण नाव हलवायला तयार नाहीत. दफन गावीच हवं म्हणतात. त्यांच्यावर जबरदस्ती करायची का?

सावली

मुळीच नाही. त्यांचं नाव गावीच राहू द्या, वर्गणी तुम्ही पाठवा. शहरातल्या पाळकांना मात्र लेखी कळवा की दोघं इथं राहतात, चालवत नाही, महिन्याला घरी प्रभुभोजन हवं. बहुतेक मंडळ्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर घरोघर नेतात. त्या यादीत सभासद नसलेल्यांनाही घेतात, फक्त कुणीतरी सांगावं लागतं. टेबलावर स्वच्छ पांढरं कापड आणि त्यांच्या सवयीचं गीतपुस्तक ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांनी बसा.

दफनाची इच्छा त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून दोन्ही पाळकांकडे एकेक प्रत द्या. गावच्या दफनभूमीत आजोबा-आजीशेजारची जागा दाखवून ठेवा, कारण शहरातून येणाऱ्याला रात्री अंधारात ती सापडत नाही. शवपेटी नेणाऱ्या थंड पेटीच्या गाडीचे दोन नंबर जवळ ठेवा. गाडीत डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि तीन झेरॉक्स हव्यात. निघताना शहरातल्या मंडळीला घरी येऊन एक प्रार्थना करायला सांगा. ज्यांनी दर महिन्याला भाकर आणली, त्यांनाही निरोप द्यायचा असतो.